यादीत नाव

मे महिना. मानकापूर, वरची खोली.
कूलर बंद, कारण माइकला खसेवरून ओघळणारं पाणीसुद्धा ऐकू येतं.
पत्रा उन्हानं तडतडतो, तेही येतं.
त्याला माझ्याकडे इलाज नाही.

नेवारेकाका रात्रपाळी संपवून सरळ इथेच आले,
इतवारीच्या गोदामाची खाकी अंगावर,
कागदात तर्री-पोहे, पिशवीत टाळ.
साकोलीकडचं दंडारीतलं एक गाणं
आता त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही,
असं ते म्हणतात. मी चौकशी केलेली नाही.

पहिला टेक. तिसऱ्या ओळीला टक्.
दुसरा टेक. पहिल्याच ओळीला,
नेमकी जिथे काका श्वास चोरतात तिथे, टक्. टक्.
खाली लाल अक्षरांत एक्स-रन अकरा.
म्हणजे आवाज वेळेवर आला
आणि दारात त्याला घ्यायला कोणी नव्हतं.

बफर वाढवला. एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन, हजार चोवीस.
टक् थोडी मागे सरली,
पण काकांनी हेडफोन काढून खोलीभर पाहिलं :
'हा माह्या मागं मागं कोन गाते बे?'

बफर परत खाली.
वायफाय बंद, ब्राउझर बंद,
यूएसबी या भोकातून त्या भोकात,
सीताबर्डीहून आणलेल्या जुन्या डब्याचं झाकण उघडून
टेबलफॅन त्याच्यावर. मग फॅनचा आवाज. मग फॅनही बंद.
माझ्या हनुवटीवरून घाम कीबोर्डवर.
शेवटी टर्मिनलमध्ये वर वर सरकत गेलो तर
सगळ्यात आधी, सकाळपासून, तिथे लिहिलेलं :
रिअलटाइम परवानगी नाही.

'का म्हणते गा?'
'परवानगी नाही म्हणते.'
'कोनाले?'
'तुमच्या आवाजाले. लाइन मोडून पुढे जायची.'
काका हसले, मिशीत पोह्याचा एक दाणा.
'तीस वर्सं फाटकावर हावो मी.
यादी असते न. जेचं नाव, तेची गाडी मधात, बाकीचे लाइनीत.
मालकाच्या सासऱ्यालेबी एक खेप थांबवलं होतं मी.
टाक नाव.'

टाकलं.
लिमिट्सच्या फाइलीत ऑडिओ ग्रुप, पुढे एक डॅश
(तो डॅश विसरलो, त्यात पाऊण तास),
प्राधान्य पंच्याण्णव.
दहावीला मला एकसष्ट होते.
मेमरी, हवी तेवढी.
मग ग्रुपमध्ये मी स्वतः.
सेव्ह.
टक्.

'नाव टाकलं काका, तरी नाहीच म्हणते.'
'आजच टाकलं न? मंग असंच होनार.
मानूस भाईर जाते, परत येते, तवा मी यादी पायतो.
मधात बसलेल्याची यादी कोन पायते?'

मी काही बोललो नाही.
दोन रविवार मी हेच वाक्य शोधत होतो.
लॉगआउट केलं. पडदा काळा झाला,
त्यात आम्ही दोघं दिसलो, बनियनवर.
लॉगिन.

लाल अक्षरं नाहीत.
काकांनी टाळ उचलले, दोन ओळी म्हटल्या,
तिसरीला जांभई आली. बरोबर आहे.
काल रात्री आठपासून जागा माणूस.
चांगलं गायले होते ते दुसऱ्या टेकला,
त्या अकरा टकांमध्ये.

'पाच मिनिटं पडतो,' म्हणाले, फरशीवर, उशाला पिशवी.
मी कूलर लावायला उठलो
आणि स्टॉप दाबायचं राहून गेलं.

ती फाइल आहे माझ्याकडे. एक तास सात मिनिटं.
आधी कूलरची घरघर, मग तिच्या वर हळूहळू
साकोलीकडचं संथ घोरणं,
मध्ये एकदा झोपेतच
कोणालातरी फाटकावर : 'थांब.'
एक्स-रन शून्य.